भांडून घ्यायचं पाणी

१२ जानेवारी, रविवार

पोचलो एकदाचा. स्कूटर पुण्याहून टेम्पोत टाकून आधीच पाठवली होती. मी आलो तेव्हा ती दारात उभी, आणि तिच्यावर एक ओरखडा नाही. सुरुवात तरी झकास झाली.

संशोधन केंद्र म्हणजे आरे-वारेच्या वरच्या सड्यावरचं, उघड्या कातळमाथ्यावरचं, जांभ्या चिऱ्यांचं बसकं घर. तीन खोल्या माझ्या, चौथी माशांची. सड्यावर वाळलेलं पिवळं गवत, खाली आंब्याच्या बागा, मोहोर नुकता धरायला लागलेला. समुद्र अर्धाच दिसतो पण ऐकू सगळा येतो. सर्वांत जवळची वाडी उतारावर, दहा मिनिटांच्या चालीवर. अकरा घरं, त्यांतल्या सहांना कुलपं.

पाच आठवड्यांचं काम आहे. एकाच जातीच्या माशांचे दोन प्रकार तपासायचे. एक उघड्या पऱ्यात, म्हणजे इथल्या ओढ्यात राहणारे, डोळस. दुसरे घरामागच्या भुयारातल्या पाण्यात राहणारे, आंधळे आणि फिक्या गुलाबी रंगाचे. दोन्ही बोटभर लांबीचे. एक मासा टाकीत चार दिवस एकटा ठेवायचा, म्हणजे ती टाकी त्याला आपली वाटू लागते. मग तीत परका मासा सोडायचा आणि घरचा त्याच्यावर तासाभरात किती वेळा धावून जातो ते टिपायचं. पऱ्यातले मासे भयंकर भांडकुदळ. भुयारातले भांडतच नाहीत म्हणतात. का नाही, ते मला शोधायचंय.

सोळा फेब्रुवारीला घरी. हे कामापेक्षा महत्त्वाचं. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि त्यांत एकही भांडण नाही. ऋजुताचं म्हणणं, तिथेच सगळं बिघडलं. निघताना ती म्हणाली, सोळाला ये आणि एकदा तरी माझ्याशी भांड, नाहीतर येऊ नकोस. मी भांडणार आहे. कशावरून तेही ठरलंय. बाबा शेवटचे इस्पितळात होते तेव्हा ती ऑफिसच्या कामाला चार दिवस बंगळूरला गेली. मी 'जाऊन ये' म्हणालो. तीन वर्षं ते माशाच्या काट्यासारखं घशात आहे. आयत्या वेळी मऊ पडू नये म्हणून इथे लिहून ठेवतो.

१३ जानेवारी, सोमवार

जेवण आणि झाडलोट वाडीतल्या गंगुबाई करतात. वय साठीच्या पुढे, चाल माझ्या दुप्पट. सकाळी त्यांनी भुयार दाखवलं. जांभ्यात कोरलेल्या बावीस पायऱ्या, तळाशी कमरेएवढं तोंड, तिथून पाणी आडवं डोंगरात गेलेलं. किती आत, ते कुणी पाहिलेलं नाही.

गंगुबाईंची जाऊ चिमा कळशी घेऊन आधीच उभी होती. पुढे जे झालं त्याने मी चाटच पडलो.

"आलीस गो, उंडगे? तुझ्या हातची पेज कुत्रा पन हुंगीत नाय!" गंगुबाई कडाडल्या.

"तुझ्या नवऱ्यानं हुंगलान गो! दोन वाट्या मागून खाल्लान!"

हे पाच मिनिटं चाललं. सासू, माहेर, कोंबड्या, कुणाचं काही सुटलं नाही. मग दोघींनी कळशा भरल्या, एकाच डबीतली मिश्री लावली आणि हसत हसत वर आल्या.

हे पाणी भांडून घ्यायचं, अशी रीत आहे म्हणे. एकट्याने उतरायचंच नाही. भांडायला कुणी नसलं तर त्या दिवशी पाण्यावाचून राहायचं. मी कारण विचारलं. गंगुबाई म्हणाल्या, पाणी लई गोडं आहे, माणूस गोडं होतं. मग वाईट काय त्यात, असं विचारलं तर म्हणाल्या, "गोड झालेलं काय कोन शिल्लक ठेवतं काय वं?"

केंद्राला पंप आहे. बटण दाबलं की भुयारातलं पाणी टाकीत. मी कुणाशी भांडू?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गंगुबाईंनी तिळगूळ दिला आणि बजावलं, गोड बोलायचं ते घरात, भुयारावर नाय. मग मला पंपाचं बटण दाबू देईनात. आधी मला पुणेरी बोका म्हणाल्या, मग बायकोनं टाकलेला, मग आणखी काही. मी हसत राहिलो. त्या खऱ्या चिडल्या. उलट बोला की, म्हणाल्या, तोंड काय बँकेत ठेवलाव?

आमच्या घरात आवाज चढवायची पद्धत नव्हती. बाबा फार रागावले की पेपर जास्त उंच धरायचे, इतकंच.

१७ जानेवारी, शुक्रवार

पऱ्यातला मासा : तासाभरात ११२ हल्ले. परक्याच्या शेपटीच्या चिंध्या. मध्ये पडून त्याला काढावं लागलं.

भुयारातला मासा : ३. तेही परक्यावर नाहीत, तळाशी पडलेल्या खाण्याच्या दाण्यावर.

माशांची खोली पूर्ण काळोखी आहे. खिडकी नाही, दाराला दुहेरी काळा पडदा. आत फक्त मिणमिणता लाल दिवा आणि अंधारात बघणारा कॅमेरा. बाहेर लख्ख ऊन असताना आत जायला सुरुवातीला नको वाटायचं. आता बरं वाटतं. भुयारातले मासे एकमेकांना घासून जातात, थांबतात, वाट देतात. कुणाची जागा नाही, कुणाचा मान नाही. अशा घरात जन्माला यायला हवं होतं.

२० जानेवारी, सोमवार

गंगुबाईंनी टाक्या पुसताना तापमापक उचलून भलत्याच टाकीत घातला. चार दिवसांचं काम वाया. मी ओरडलो. अक्कल आहे का, असंही म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना.

गंगुबाईंचा चेहरा असा उजळला की बस. "आत्ता कसं! आत्ता दाब बटण!" आज उकडीची भाकरी केली, वर बांगड्याचं झणझणीत तिखलं. भांडण जेवणात उतरतं म्हणाल्या.

त्या रोज सकाळी मला डिवचतात ते माझ्याच भल्यासाठी, हे मला आज कळलं. लाज वाटली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी आपलं आहे असंही वाटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

पऱ्या आटतोय. डबक्यातलं शेवटचं पाणी दोन कॅन भरून आणलं. ते पुरायचं नाही. चार डोळस मासे भुयाराच्या पाण्यात हलवले, दोन पऱ्याच्या पाण्यात राखले. तुलनेला उपयोग होईल.

पुण्याला माझ्या मार्गदर्शक सरांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, छान, नवीन काही सापडेल.

२७ जानेवारी, सोमवार

सापडलं.

भुयाराच्या पाण्यातल्या डोळस माशांचे हल्ले : पहिल्या दिवशी १०८, मग ८१, ४४, १९, आज ६. पऱ्याच्या पाण्यातल्या दोघांचे : ११५ आणि १२१, जसेच्या तसे.

म्हणजे राग माशातून जातोय तो पाण्यामुळे. भुयारात पिढ्या जाव्या लागत नाहीत. आठवडा पुरतो.

हे लिहिताना शेजारी पेला होता. त्यातलं पाणी मी दोन आठवडे पितोय. गंगुबाईंना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. वाडीत धोंडू म्हणून एक होता, त्या म्हणाल्या. भाऊबंद मुंबईला गेले, मागे हा एकटा. भांडायला कुणी नाही, तरी पाणी तिथलंच. पुढे पुढे कुणाला नाही म्हणेना. लोकांनी आधी त्याचा पाटा नेला, मग दाराच्या फळ्या, मग छपराची कौलं. कौलं उतरवताना शिडी त्यानेच धरली होती, हसत. मग? मग एक दिवस घरात नव्हता.

रत्नागिरीला जाऊन पाण्याचे वीस लिटरचे सहा जार टेम्पोत घालून आणले.

३० जानेवारी, गुरुवार

गंगुबाईंची लेक सावर्ड्याला असते, तिचं बाळंतपण आलंय. त्या आज गेल्या, महिनाभरासाठी. चिमाला भांडायला पाठवते म्हणाल्या, पण चिमा कमरेने अडलीय, सडा चढवत नाही. जाताना दारात उभ्या राहून मला पाच मिनिटं शिव्या दिल्या, एकदम पंधरवड्याच्या. मी चांगलं परतवलं. त्यांचे डोळे भरले होते. "कुनाशी तरी भांडत जा रं मेल्या," म्हणाल्या. एरवी मला अहो-जाहो करतात, भांडतानाच तेवढं अरे-तुरे.

त्या उतारावरून दिसेनाशा झाल्या. नंतर फक्त समुद्र.

१ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर कुणी दिसलं नाही. बागेतला फवारणीचा पंप लांब कुठेतरी वाजत होता, दुपारी तोही बंद झाला.

डोळस माशांचे हल्ले शून्य. त्यांच्या डोळ्यांवर साय धरल्यासारखं दिसतंय.

त्यांच्यातला एक, भुयारातल्या चौघांच्या टाकीत सोडला. ते चौघे सावकाश जवळ आले. ओठ लावून पाहिले. मग शेपटीच्या कडेपासून खायला लागले. घाई नाही, झोंबाझोंबी नाही, आपसांत हिसकाहिसकी नाही. आणि तो हलला नाही. निसटायला अख्खी टाकी मोकळी होती. कल्ले शांतपणे उघडत-मिटत राहिले, शेवटपर्यंत. पन्नास मिनिटं.

नोंदवहीत 'हल्ले' या रकान्यात काय लिहायचं? मी शून्य लिहिलं. बरोबरच आहे ते.

बाहेर येऊन उन्हात बसलो. जेवण गेलं नाही. गेलं नाही हे चांगलं आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

भांडायला गेलो. वाडीत चिमा ओटीवर पडून होती. मी म्हणालो, तुमच्या कोंबड्या माझ्या अंगणात येतात. ती म्हणाली, दहा मिनिटं चालून? कोंबडी हाय का एस्टी? दोघं हसलो. तिने प्रयत्न केला, मला बोका म्हणाली, पण कमरेत कळा येत होत्या, आवाज फुटेना. मी तिची कळशी भरून दिली. परत येताना लक्षात आलं, एकटाच उतरलो होतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

एक माणूस आला. बागेत कामाला आहे म्हणाला. स्कूटर दोन दिवस हवी होती. मी किल्ली दिली. तो फाटकाबाहेर गेल्यावर मनात आलं, नाव विचारायला हवं होतं.

मग म्हटलं, असू दे.

मग 'असू दे' हा शब्द मनात आल्यावर भीती वाटली. ही भीती जपायला हवी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन बायका, लाकडं न्यायला आलेल्या. आत पाण्याचे जार दिसले, चार भरलेले. नेऊ का म्हणाल्या. मीच फाटकापर्यंत उचलून दिले. एकीने विचारलं, तुम्हाला उरलं का? मी हो म्हणालो.

नळाला आहेच.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिलं पान काढून वाचलं. बाबा, इस्पितळ, बंगळूर, माशाचा काटा. अक्षर माझंच आहे. वाक्याचा अर्थ कळतो. ती कामाला गेली होती. मग?

पाच-सहा वेळा मोठ्याने वाचलं. आरशासमोर भुवया आवळून वाचलं. जिथे काटा होता तिथून आवंढा गिळावा आणि काहीच लागू नये, तसं.

सोळा तारखेला मी काय घेऊन जाणार?

१० फेब्रुवारी, सोमवार

ऋजुताला फोन केला. आपण आताच भांडू, म्हटलं. सोळापर्यंत थांबायला नको.

ती आधी हसली. मग म्हणाली, बोल.

मी वही उघडली. तिने विचारलं, कशावरून भांडायचंय? मी पानावरचं वाचून दाखवलं. मग रडत म्हणाली की तीन वर्षं ती याचीच वाट बघत होती. मी तिला अडवायला हवं होतं, आल्यावर दारातून हाकलायला हवं होतं, काहीतरी करायला हवं होतं. मग ती चिडली. अकरा वर्षांचं सगळं बाहेर आलं. मी भिंत आहे म्हणाली.

सगळं खरं होतं. मी तसं म्हणालो.

तिने फोन ठेवला. कानाला धरून होतो. छान वाटत होता तो, गरम होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

स्कूटर घेऊन निघायला हवं. स्कूटर परत आलेली नाही. वाडीपर्यंत चालत, तिथून रिक्षा बोलवायची. बॅग भरली. दारात उभा राहिलो. ऊन फार लख्ख आहे, डोळ्यांना सोसत नाही. थोडं उतरलं की जाऊ —

माशांच्या खोलीत बसलो. लाल दिवाही टोचतो. बंद केला.

१२ फेब्रुवारी

पऱ्याच्या पाण्यातले दोघे अजून काचेवर धडका देतात. अंधारात आवाज येतो. टक् टक्. त्या आवाजाने मला एवढं — एवढं काहीतरी झालं. ते रागाच्या जवळचं होतं. त्या टाकीला कान लावून बसलो तासभर.

मग त्यांचं पाणी बदललं. कॅन संपले होते. नळाचं घातलं. घालताना कळत होतं.

१३ फेब्रुवारी

फोनची बॅटरी संपली. गंगुबाई असत्या तर ओरडल्या असत्या. त्या काय म्हणायच्या ते आठवून स्वतःलाच म्हणून पाहिलं. मेल्या. बोक्या. खोलीत नीट ऐकू आलं. कुणीतरी कुणाला तरी प्रेमाने म्हणतंय, असं.

टाकीत हात घातला. आले. ओठ लावले. खरखरीत, मांजराच्या जिभेसारखे. नखाच्या कडेची कातडी गेली. दुखलं, पण ते दुखणं माझ्याकडे काही मागत नव्हतं.

१४ फेब्रुवारी

टक् टक् थांबलं.

१५ फेब्रुवारी असावी

टाकीतले सगळे भुयारात परत सोडले. त्यांची जागा ती. बावीस पायऱ्या. तोंडाशी वाकलो, आत गेलो. पाणी पोटरीपर्यंत. मग मांडीपर्यंत. पुढे बसायला कट्टा आहे, कुणी कोरलेला. गुळगुळीत.

बसलो.

बाजूला कुणी आहे. मला जागा हवी होती, तो सरकला. त्याच्या पलीकडचाही सरकला असावा, पाणी हललं. किती जण, मोजलं नाही. कुणी काही विचारत नाही.

वही गुडघ्यावर आहे. अंदाजाने लिहितोय. ओळीवर ओळ जात असेल.

नंतर

पायांशी मासे आलेत. दोन्ही प्रकारचे. घाई नाही त्यांना.

उठायचं होतं. कशासाठी ते पानावर आहे, पान दिसत नाही. सोळा. सोळाला कुणाकडे तरी काहीतरी न्यायचं होतं, ते हरवलं. हरवलं याचं वाईट वाटत नाही याचं —

नंतर

वर आवाज.

बाईचा. ओरडतेय. भित्रा म्हणतेय मला. फोन लागत नाही, सोळा उजाडला, रात्रभर गाडी चालवत आले, म्हणतेय. घर उघडं, वही नाही, तू नाहीस. ऋजुता. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं कुठे ठेवला होता —

बंगळूरला का गेले ते विचार, म्हणतेय. विचार ना! मला तुझ्या बाबांची भीती वाटत होती, मरणाची भीती वाटत होती, मी पळाले! आता बोल! दे शिव्या!

छातीत काहीतरी. बारीक. टक्.

चप्पल वाजतेय पायरीवर. उतरतेय ती. ओरडायची थांबली. एकटीच आहे.

बाजूचे हलले. जागा करतायत. तिच्यासाठी. दोघांच्या मध्ये, नीट, एका माणसाची —

नाही. तिला नाही.

ओरडायला हवं. येऊ नकोस, चालती हो, असं, तोंड उघडलंय, तोंड उघडलंय पण आवाज — पायऱ्या, दहा असतील, बारा — ऋजुता, मला राग आलाय, खरंच आलाय, तू ऐक, मी आत्ता ओर